पिवळ्या कार्डाचं उद्यापन

लहान मुलांच्या दंडाला बांधायचा रक्तदाबाचा पट्टा वेगळा असतो, बाहुलीला शोभेल असा. तो मिळावा म्हणून डॉक्टर यशोदा तळपदे यांनी एके काळी परळच्या हॉस्पिटलात तीन वर्षं अर्ज खरडले होते. "मुलांचं कसलं बीपी मोजता, बाई? त्यांना काय बायको आहे का साहेब आहे?" असं म्हणून वरची मंडळी हसायची. शेवटी बाईंनी पदरमोड करून पट्टा आणवला. तो त्यांनी नोकरीतून निवृत्त होतानाही बरोबर आणला आणि लालबागच्या आपल्या छोट्या दवाखान्यात खिळ्याला टांगला. आणि आता बाई सत्तरीला टेकल्यावर दहा वर्षांची मनवा घाडी समोर बसली होती आणि तो पट्टा तिच्या दंडाला पुरत नव्हता.

"कौसल्या, मोठ्यांचा दे," बाई म्हणाल्या.

कौसल्या पंचवीस वर्षं बाईंच्या मदतीला होती, आधी हॉस्पिटलात आणि मग इथे. तिने बाईंच्या कपाळावरची आठी बघितली आणि मोठा पट्टा काढून दिला.

जून महिन्यातली ही तिसरी खेप. बाई एकदा मोजून कधी विश्वास ठेवत नसत. आकडा तिन्ही वेळा तोच आला, एकशे अठ्ठावीस वर चौऱ्याऐंशी. दहा वर्षांच्या मुलीला तो एकशे दहाच्या आसपास शोभला असता. वजन बावन्न किलो. मानेवर मागे काळपट, मखमलीसारखी जाडसर घडी.

"मळ नाय तो, बाई," मनवाची आजी मालन लगबगीने म्हणाली. "उन्हान काळवंडलंय. मी रोज मसुरीच्या पिठान घासतंय."

"घासू नको, मालन. तो मळ नाहीच आहे. जास्तीचं खाणं अंगात साचलं की तिथे असं दिसतं. पुढे साखरेचा आजार होऊ शकतो, त्याची ती पाटी आहे."

"बाळसां आसा ता. घाड्यांची हाडाच मोठी."

"बाळसं एका वर्षाच्या बाळाला असतं. ही पाचवीत आहे!"

मनवाची आई नम्रता खाली मान घालून बसली होती. तिला बाईंनी सगळं सरळ सांगितलं. दिवाळीपर्यंत वेळ आहे. खाणं सुधारलं, खेळणं वाढलं, तर आकडा उतरेल. नाही उतरला, तर या वयात रोजची गोळी सुरू करावी लागेल. नम्रताच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण गोळ्यांचा एक डबा त्यांच्या घरात आधीच होता. तिचा नवरा सुशांत, लोअर परळच्या एका ऑफिसात सुपरवायझर. गेल्या मार्गशीर्षात बसल्या जागी त्याच्या छातीत कळ आली आणि बेचाळिसाव्या वर्षी हृदयाच्या नळीत स्टेन्ट बसला.

ही बातमी कळली त्या दिवशी बाई जेवल्या नव्हत्या. कारण सुशांतला त्यांनीच जगवलं होतं.

संपानंतरचं ते साल. गिरण्यांचे भोंगे थांबले होते आणि लालबाग-परळच्या चाळींमधून चुली दिवसातून एकदाच पेटत होत्या. यशोदाबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या. माहेर खोताची वाडी ओलांडली की पुढच्याच गल्लीत. वडील सॉलिसिटरच्या कचेरीत, घरात रोज ताजी मासळी, डॉक्टर मुलीचं सगळीकडे कौतुक. अशी ही मुलगी परळच्या वॉर्डात आली आणि पहिल्याच आठवड्यात मालन समोर उभी राहिली, वीस वर्षांची, कडेवर सात महिन्यांचं पोर. काट्यावर ठेवलं तर चार किलोसुद्धा भरेना. रडायचीही ताकद नव्हती त्याला. मालनचा नवरा शिवा दाराशी उभा होता आणि संपामुळे हात रिकामे म्हणून कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता.

अशी मुलं रोज यायची. प्रत्येक आईला तेच तेच सांगून बाईंचा घसा बसायचा आणि घरी जाईपर्यंत त्या बायका अर्धं विसरायच्या. म्हणून बाईंनी गिरगावातल्या ओळखीच्या छापखान्यात कार्डं छापून घ्यायचं ठरवलं. छापखानेवाल्याकडे एका मोडलेल्या लग्नाच्या पत्रिकांचा पिवळा कागद पडून होता. वर गणपती आणि 'श्री गणेशाय नमः' आधीच छापलेलं, खालचा भाग कोरा. "हाच घ्या, बाई. देवाचं नाव आहे, अपशकुन थोडाच होणार?" तो म्हणाला. बाईंना कागदाशी मतलब. आठशे कार्डं निघाली.

त्यावर मजकूर असा: 'दर दोन तासांनी खायला द्यावे. प्रत्येक खाण्यात एक चमचा तूप किंवा तेल आणि एक चमचा साखर घालावी. बाळ नको म्हणाले तरी आणखी दोन घास भरवावेत.' त्याखाली 'कालावधी' असा शब्द, पुढे टिंबांची ओळ, आणि मग बाईंची सही.

टिंबांवर बाईंनी कधी काही लिहिलं नाही. रांग दारापर्यंत असायची. "वजन भरेपर्यंत हं," असं तोंडाने सांगायच्या आणि पुढच्या बाळाला हात घालायच्या.

सुशांत जगला. भरला. वर्षभराने मालन त्याला घेऊन पेढे द्यायला आली तेव्हा तो गुबगुबीत पोरगा बाईंच्या गळ्यातली नळी ओढत होता. माणसाला आयुष्यात असे चार क्षण मिळाले तरी देवाची कृपाच म्हणायची.

पण दिवस पालटले. गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, चाळींच्या जागी टॉवर. अंगणं गेली, जिने गेले, लिफ्ट आली. बाईंच्या समोर येणारी मुलं आता हडकुळी नव्हती. त्यांचे बाप मात्र चाळिशीतच छातीला हात लावून कोसळत होते. हे दुखणं चाळिशीत जन्मत नाही, पाळण्यापासून हळूहळू मुरत येतं, हे बाईंना कळलं आणि त्यांनी दुसरा घोशा धरला. मुलांचं हृदय लहानपणीच सांभाळा!

ऐकतो कोण? हॉस्पिटलात त्यांनी दर शनिवारी खास ओपीडी सुरू केली. पहिल्या महिन्यात सात मुलं आली. त्यांतल्या सहांच्या आया 'पोर अंग धरत नाही, टॉनिक द्या' म्हणून आल्या होत्या आणि सहाही पोरं वजनाने वरचढ. एका मंडळाने गणपतीत व्याख्यान ठेवलं. बाई तासभर तळलेल्या पदार्थांविषयी पोटतिडकीने बोलल्या. टाळ्या झाल्या. मग अध्यक्षांनी माईक घेतला. "बाईंचे आभार. आता मुलांनी रांगेत या, बटाटेवडा आणि सरबत आहे. बाई, तुमचे दोन बाजूला काढलेत, गरम आहेत." घरी येऊन बाईंनी पर्स कॉटवर आपटली. त्यांचे यजमान मनमोहन पेपर वाचत होते. ते म्हणाले, "आणलेस का ते दोन?" त्यावर दोन दिवस त्या घरात फक्त भांडी बोलत होती.

असं हे वीस-पंचवीस वर्षांचं पालथ्या घड्यावरचं पाणी. म्हणूनच मनवाचं दुखणं बाईंच्या जिवाला फार लागलं. ज्या बापाला जगवलं त्याचीच लेक. हिच्या बाबतीत तरी हरायचं नाही, असं त्यांनी मनाशी घट्ट धरलं.

नम्रताला त्यांनी आहाराचा तक्ता करून दिला. घाड्यांच्या घरचंच जेवण, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, माशाची आमटी, फक्त लोणचं, पापड, खारी सुकट कमी. वरून तूप-साखर नाही. संध्याकाळी तासभर खाली खेळायचं. काही अवघड नव्हतं.

दीड महिन्याने मनवा आली. वजन चोपन्न. आकडा एकशे तीस.

"तक्ता कुठे लावलायस?" बाईंचा आवाज चढला.

"फ्रिजवर," नम्रता म्हणाली.

"वाचायला लावलायस का शोभेला?"

नम्रताने मनवाला कौसल्याबरोबर बाहेर पाठवलं आणि मग रडवेल्या आवाजात म्हणाली, "बाई, मी सकाळी साडेसातला कामावर जाते, सातला येते. मधे आईंचं राज्य. दर दोन तासांनी त्या मनवाला भरवतात. भाकरीवर तूप-साखर, आमटीभातावर तूप-साखर. मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकापर्यंत डबा घेऊन जातात. मी बोलले की म्हणतात, मी डॉक्टरबाईंच्या शब्दाबाहेर जाणार नाही."

"माझ्या? मी कधी सांगितलं असं?"

"कार्ड आहे तुमचं. देव्हाऱ्यात."

बाईंना क्षणभर काही उमगलंच नाही. मग उमगलं, आणि त्या खुर्चीवरून उठल्याच.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या करी रोडच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर जाऊन धडकल्या. चाळ पाडून बांधलेली ही इमारत. जुने शेजारी तेच, फक्त एकमेकांच्या डोक्यावर रचलेले. मालनने पाट मांडला, मग लक्षात आलं आणि पाट सारून खुर्ची पुढे केली.

देव्हारा स्वच्छ घासलेला, निरांजन तेवत होतं. श्रावण लागला होता, त्यामुळे भिंतीवर जिवतीचा नवा कागद चिकटवला होता, वर आघाड्याची-दुर्व्यांची माळ. लेकराबाळांना सांभाळणारी ती जिवती. आणि तिच्या शेजारीच, हळदीकुंकवाची बोटं लावलेलं, लॅमिनेशन केलेलं पिवळं कार्ड. वर गणपती, खाली यशोदा तळपदे.

स्वतःच्या सहीला कुंकू लागलेलं बघून बाईंच्या अंगावर काटा आला. पण तो काटा भक्तीचा नव्हता.

"मालन, हे आधी काढ तिथून."

"काय बोलतास, बाई!" मालनने दोन्ही कानांना हात लावले. "ह्या कार्डार माझो झील जगलो."

"तेव्हा तो उपाशी होता गं! वाळलेल्या झाडाला पाणी घालायला सांगितलं होतं. तू पूर आला तरी ओततेच आहेस."

"सही तुमचीच आसा ना?"

"माझीच आहे. आणि मीच सांगते, बंद कर."

"तेव्हा तुमी तरण्या होतात, डोस्कां थाऱ्यार होता," मालन हळूच पण ठसक्यात म्हणाली. "आता ह्या वयात माणूस काय पण बोलता."

बाईंचा तोल सुटला. "हो ना? मग त्याच कार्डाने तुझ्या मुलाच्या छातीत तार बसवली, कळलं? थोरला झाला तरी तूप-साखर, लग्न झालं तरी तूप-साखर! त्याच्यानंतर आता तुला नात पण तशीच हवी आहे का?"

शब्द तोंडातून निसटून गेला. सगळा दोष काही एका तुपाचा नव्हता. सुशांतची तंबाखू होती, रात्रपाळ्या होत्या. बाईंना ते ठाऊक होतं. मालनचा चेहरा पांढराफटक पडला. तिने निरांजनाची वात पुढे सारली. मग बोलली तेव्हा आवाज वेगळाच होता.

"माका काय कळना नाय असा नाय, बाई. चेडू चार पावला धावला तरी धापा टाकता, ता दिसता माका. पण सोडू कसा? चालू असलेला मधीच टाकलंय आणि चेडवाक काय झाला, तर मी कोणाच्या पायार डोक्यां ठेवू? तुमी सुरू करूक सांगलात. कधी सोडूचा, ता लिवलातच नाय."

बाई उठून देव्हाऱ्यापाशी गेल्या. चष्मा पुसून बघितलं. 'कालावधी', आणि पुढे टिंबांची ती रिकामी ओळ. बेचाळीस वर्षं ती तशीच होती. दोष मालनचा नव्हताच, आणि त्याचाच त्यांना जास्त संताप आला. जगाला ओरडत फिरलो, आणि अर्धं वाक्य आपलंच लिहायचं राहिलं होतं!

दवाखान्यात परत आल्या त्या फणफणत. कौसल्याने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि सगळं ऐकून घेतलं.

"बाई, रागावू नका. पण मालनकाकींचं बरोबर आहे."

"तूसुद्धा?"

"अहो, सोळा सोमवार धरले तर सतराव्याला उद्यापन असतं. वैभवलक्ष्मी धरली तरी किती शुक्रवार ते आधी बोलायचं असतं. संकल्प सोडल्यावर बाई मधेच उठत नाही, पाप लागतं. तुम्ही त्यांना व्रत दिलंत आणि उद्यापन सांगितलंच नाहीत. त्या बिचाऱ्या किती वर्षं ओढतायत."

"मी एम.डी. आहे, कौसल्या. भटजी नाही."

"सही कुणाची आहे कार्डावर? मग सोडवायला काय सत्यनारायण येणार?"

बाईंनी तांब्या तसाच खाली ठेवला. आयुष्यभर तक्ते काढले, फलक लावले, पडद्यावर हृदयाच्या नळ्या दाखवल्या. आणि आता उद्यापन! त्यांना हसू येत होतं की रडू, त्यांचं त्यांनाच कळेना. पण दिवाळी जवळ येत होती आणि चोपन्नाचे पंचावन्न व्हायला वेळ लागणार नव्हता.

मालनला उद्यापनाचा निरोप धाडून श्रावणातल्या शेवटच्या शुक्रवारी त्या पुन्हा चौदाव्या मजल्यावर गेल्या, या खेपेला ठेवणीतल्या साडीत. मालनने मजल्यावरच्या चार सवाष्णी हळदीकुंकवाला बोलावल्या होत्या. स्वतः शिवाच्या माघारी ती कुंकू लावत नसे, म्हणून मान नम्रताकडे होता. सुशांत मुद्दाम अर्धी रजा काढून आला होता, पूर्वीपेक्षा बारीक, बोलताना जरा दमणारा. "बाई, लॅमिनेशन मीच केलेलं," तो ओशाळून म्हणाला. "आईचा जीव होता त्यात. फाटत चाललं होतं."

त्या प्लास्टिकवर पेन काही उठेना. दोनदा घासलं, शाई पुसून जायची. बाई वैतागल्या. "इथे तरी एखादी गोष्ट सरळ होऊ दे रे देवा! कात्री आणा."

मालनने कार्डाला नमस्कार केला आणि स्वतःच्या हाताने कडा कापली. पिवळा कागद बेचाळीस वर्षांनी बाईंच्या हातात आला, मऊ, कडांना झिजलेला. त्यांनी टिंबांवर लिहिलं, 'वजन भरेपर्यंत.' आणि त्याखाली, 'सुशांतचे वजन भरले. पूर्ण झाले.' तारीख घातली, सही केली. मालन बारीक डोळ्यांनी प्रत्येक अक्षर बघत होती.

"पुरां झाला?" तिने विचारलं.

"पुरं झालं, मालन. तू केलंस. एक दिवस चुकली नाहीस."

मालनने पदर तोंडाला लावला. इतकी वर्षं तिला हे कुणी म्हटलंच नव्हतं.

मग तिने डोळे पुसून लगेच दुसरा कागद पुढे केला. "आता मनवाचा लिवा. आणि कधीसर, ता पण लिवा. परत माझ्या डोक्यार टांगता नको."

बाईंनी लिहिलं. मोजकंच. 'तीन वेळा जेवण, दोन वेळा खाऊ. वरून तूप-साखर नाही. रोज तासभर खेळ. मनवा पुरे म्हणाली की पुरे. पुढच्या श्रावणापर्यंत.' हा कागद मालनने जिवतीशेजारी लावलाच, आणि कुंकवाचं बोट नम्रताकडून लावून घेतलं. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

प्रसादाला दूध-साखर आणि चणे-गूळ होते. जिवतीचा नैवेद्य तोच, म्हणून बाई मनातल्या मनात जिवतीला दुवा देत होत्या. मनवाने वाटीभर चणे खाल्ले. सवयीने मालनची मूठ पुन्हा भरून वाटीवर गेली.

"पुरे, आज्जी," मनवा म्हणाली.

मूठ हवेतच थांबली. सगळ्या बायका त्या मुठीकडे बघत होत्या. मालनची बोटं घट्ट मिटलेली, शिरा ताणलेल्या. चेहऱ्यावरून वाटत होतं, कुणी तिचा हात पिरगळतंय. मग तिने ती मूठ मागे घेतली आणि चणे परत ताटात सोडले, एकेक करून, जणू प्रत्येकाची माफी मागत.

दिवाळीच्या आठवड्यात मनवा दवाखान्यात आली. वजन त्रेपन्न. आकडा एकशे चोवीस.

"उतरला ना?" नम्रताने अधीर होऊन विचारलं.

"उतरलाय. पुरेसा नाही," बाई खरखरीत आवाजात म्हणाल्या. खोटा दिलासा देणं त्यांना जन्मात जमलं नाही. "गोळी तीन महिने पुढे ढकलते. ढकलते, रद्द नाही. फराळाचं काय?"

"आज्जी एकच करंजी देते," मनवा तक्रारीच्या सुरात म्हणाली. "आणि देताना स्वतः रडते."

बाईंना हसू फुटलं. पण ते टिकलं नाही, कारण दाराशी एक म्हातारी येऊन उभी राहिली होती, घाड्यांच्याच टॉवरमधली, सातव्या मजल्यावरची. बरोबर चांगला जाडजूड नातू. तिने कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला पिवळा कागद काढला.

"मालन म्हणाली, तुम्ही उद्यापन करून देता."

बाईंनी डोळे मिटून घेतले. "आठशे छापली होती गं, कौसल्या. आठशे!"

"ही सहावी," कौसल्या म्हणाली आणि त्यांच्या हातात पेन दिलं. "लिहा, बाई. रांग आहे म्हणून आता परत टिंबं मोकळी सोडू नका."

बाईंनी तिच्याकडे रागाने बघितलं. मग मोठ्यांचा पट्टा काढला आणि त्या नातवाला म्हणाल्या, "ये बाबा. दंड पुढे कर."